बिनलेबलाचे डबे

त्या दिवशी सकाळी बाबांनी गाजरं सोलली. सहा गाजरं, आणि त्यांना पाऊण तास. हात थरथरायचे म्हणून साल जाड निघायची, आणि जाड साल निघाली की ते माझ्याकडे चोरून बघायचे. मी एका शेगडीवर शेंगेच्या शाळेच्या डब्यासाठी अंडी उकडत होते आणि दुसरीवर बाबांचं बिनमिठाचं सूप ढवळत होते. शेंग म्हणजे माझी मुलगी, नऊ वर्षांची. लांब आणि किडकिडीत म्हणून हे नाव बाबांनीच पाडलं होतं.

"गाजरापेक्षा सालच जास्त निघालीय," मी म्हणाले.

"सालीत जीवनसत्त्वं असतात म्हणालीस ना परवा? मग साल शिजव. गाजरं टाकून दे."

"बाबा, सात वाजून दहा मिनिटं झालीत."

"घड्याळ दिसतं मला. कान गेलेत, डोळे नाहीत गेले."

त्यांनी साली एका ताटलीत गोळा केल्या, टेबल ओल्या फडक्याने पुसलं आणि विचारलं, "संध्याकाळी काय?"

"फरसबी आणि भात."

"तसं नव्हे. संध्याकाळी तू काय करणार आहेस?"

"फरसबी आणि भात," मी म्हणाले. ते हसले. मला हसायला वेळ नव्हता. अंडी सोलून डब्यात भरली, सुपाखालची आच बंद केली, त्यांच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या, शेंगेला बुटात पाय घालायला लावलं. दार ओढून घेताना "येते हं" म्हणाले, पण बहुतेक त्यांच्याकडे बघून नाही. आठवायचा प्रयत्न केला की मला फक्त माझी पिशवी आठवते.

मी एका छापखान्यात शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. त्या दिवशी भूगोलाचं काम होतं. सहा वाजता घरी आले तेव्हा शेंग बाबांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाला लागून असलेल्या टेबलावर गणितं सोडवत बसली होती.

"आजोबा झोपलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "मी मुळीच आवाज केला नाही."

मी दारातूनच डोकावले. छातीपर्यंत पांघरूण, तोंड भिंतीकडे. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. ते जागे असते तर फरसबीच्या शिरा काढायला येऊन बसले असते आणि माझं दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं असतं. मी फरसबी धुतली, शिरा काढल्या, बारीक चिरली. तांदूळ धुतले. भाजीत त्यांच्यासाठी मीठ न घालता वेगळा भाग काढून ठेवला. चाळीस मिनिटं मी त्या ओट्याशी उभी होते. मग ताटं मांडून शेंगेला सांगितलं, आजोबांना उठव.

ती परत आली आणि म्हणाली, "आजोबा गार लागतायत."

डॉक्टरांच्या अंदाजाने ते तीनच्या सुमाराला गेले होते. म्हणजे शेंगेने त्या दिवशीची सगळी गणितं त्यांच्याशेजारी बसून सोडवली होती, त्यांची झोप मोडू नये म्हणून खोडरबरसुद्धा हळू चालवत. आणि मी त्यांच्यासाठी वेगळी काढलेली बिनमिठाची फरसबी झाकून ठेवली होती. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो शहराच्या दुसऱ्या टोकाहून येईपर्यंत मी त्या खोलीत बसले. झाकलेली भाजी दुसऱ्या दिवशी त्यानेच टाकून दिली. मला विचारलं नाही, ते बरं केलं.

बाबांचं आयुष्य टिनच्या डब्यांत गेलं. ते भाज्या, फळं आणि मासे डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात होते. एकतीस वर्षं एकच काम. बंद झालेल्या डब्यांची रांग पट्ट्यावरून पुढे सरकायची आणि बाबा बोटाएवढी जाड सळई घेऊन प्रत्येक झाकणावर हलकेच ठोकायचे. डबा नीट बंद झालेला असला तर स्वच्छ, घंटेसारखा आवाज यायचा. आत हवा शिरलेली असली तर मातीच्या मडक्यासारखा. तसा आला की डबा बाजूला. दिवसाला हजारो डबे. कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. पुढे यंत्रांच्या खडखडाटाने तेच कान गेले, तेव्हा हे नाव घेताना लोक जरा अडखळायला लागले. बाबा मात्र स्वतःच सांगायचे, "कानसेन बोलतोय, जरा मोठ्याने बोला."

मी चार वर्षांची असताना आई वारली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, तीन गल्ल्या सोडून राहायची. तिचं घर स्वयंपाकाच्या वासाने सदा भरलेलं असे. तिने पहिल्याच महिन्यात बाबांना सांगितलं, "पोरीला माझ्याकडे दे. निदान दोन वेळचं गरम तरी पोटात जाईल तिच्या." बाबा म्हणाले, "बघू." हे बघू त्यांनी चौदा वर्षं चालवलं.

कारखान्यात डब्यांना लेबल चिकटवण्याचं यंत्र होतं आणि ते चालवणारा माणूस बाबांचा दोस्त होता. आम्ही त्याला लेबलकाका म्हणायचो. त्याचं यंत्र दिवसातून चार वेळा रुसायचं. लेबल वाकडं बसायचं, फाटायचं, नाहीतर डिंक वाळून गळून पडायचं. असे डबे बाजारात जात नसत. ते कामगारांना घरी न्यायला मिळत. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर चाळीस-पन्नास डबे असायचे, सगळे एकसारखे चकचकीत, आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

म्हणजे मला ठाऊक नसायचं. बाबा डबा कानाशी धरून हलवायचे आणि त्यांना कळायचं. वाटाणे सळसळतात. राजमा जड असतो, एकदम घसरतो. पीचच्या फोडी डुलतात. पण ते सांगत नसत. आधी मी ओळखायचं. नियम असा की दोन डबे निवडायचे ते मी, आणि जे निघेल ते दोघांनी संपवायचं. एकदा मासे आणि अननस निघाले. बाबांनी शांतपणे ताटं वाढली आणि म्हणाले, "मोठ्या हॉटेलात याला पैसे पडतात."

बाबा साडेसहाला घरी येत आणि सातला आमचं जेवण झालेलं असे. मग टेबल पुसायचं आणि मी वाचून दाखवायचं. बाबा चौथीपर्यंत शिकलेले. वाचनालयातून मी जे आणीन ते ऐकत. गोष्टी, प्रवासवर्णनं, एकदा तर वीज कशी तयार होते यावरचं जाडजूड पुस्तक. मध्येच थांबवून विचारत, "थांब. ती बाई खोटं बोलतेय, हे त्याला कळलंय ना?" किंवा, "हा वाक्याच्या शेवटाला श्वास का घेत नाही? लेखकाला दम लागत नाही का?" नऊ वाजेपर्यंत. रोज. मी आज जी काही चार पुस्तकं वाचलेली बाई आहे, ती या दोन तासांतून झाले. हे मला कळायला इतकी वर्षं लागली याची मला लाज वाटते, पण तसंच आहे.

कारण मोठी होत गेले तशी मला भलत्याच गोष्टीची लाज वाटायला लागली होती. मैत्रिणींच्या घरी जेवायला गेले की कळायचं, त्यांच्याकडे भाजीला वास असतो, आणि आई विचारते, अजून हवं का. आत्याच्या घरी तर जेवताना ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि "खा बाई, खा" म्हणायची, जशी काही मी दुष्काळातून आलेय. तिच्या डोळ्यांतून मी आमच्या घराकडे बघायला शिकले. पुढे माझा संसार झाला तेव्हा मी ठरवलंच होतं, माझ्या घरात डबा येणार नाही, पाकीट येणार नाही. साधं, ताजं, रोजच्या रोज.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या छातीत दुखलं आणि मी त्यांना आमच्याकडे आणलं. डॉक्टरांनी विचारलं, इतकी वर्षं काय खात होते? मी सांगितलं, डब्यातलं. खारवलेलं. तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली आणि मला जे वाटलं त्याला समाधान म्हणावं लागेल. बाबा पलीकडे तपासणीच्या टेबलावर सदऱ्याची बटणं लावत होते. डबे त्यांना बाधले हे खरंच आहे. ते मी आजही नाकारत नाही.

मग माझं वेळापत्रक सुरू झालं. पाचला उठायचं. बाबांचं वेगळं, आमचं वेगळं, शेंगेचा डबा. सहाला कामावरून परत, की पुन्हा ओटा. आठला जेवण, नऊपर्यंत भांडी. शेंग टेबलाशी बसून माझ्या पाठीशी बोलायची. शाळेत काय झालं ते सांगायची आणि मध्येच विचारायची, "ऐकतेयस ना?" मी म्हणायची, "ऐकतेय, बोल." एकदा बाबा तिला म्हणाले, "मला सांग. मला ऐकू येत नाही, पण मी बघतो तरी तुझ्याकडे." मला तो टोमणा वाटला. त्या रागात मी त्या दिवशी एक भाजी जास्त केली.

सात महिन्यांपूर्वी शेंगेच्या शाळेत पालकसभा होती. विषय होता, नोकरी करूनही घरचं साधं जेवण कसं जमवावं. बोलायला मला बोलावलं. मी चांगली तयारी केली. आठवड्याचं नियोजन, एका भाजीतून दोन पदार्थ, मुलांना कामात घेणं, सगळं सांगितलं. पण सभा कंटाळलेली दिसली. मग मी माझ्याबद्दल बोलले. म्हणाले, "मी बिनलेबलाच्या डब्यांवर वाढले. आज काय खातोय हे डबा फोडल्यावर कळायचं. अठरा वर्षांची होईपर्यंत मला कुणाच्या हातचं खायला मिळालं नाही. माझ्या मुलीच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, एवढीच माझी जिद्द आहे." समोरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. टाळ्या खूप झाल्या.

बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. ते आलेत हे मला माहीत होतं. बोलायला उभी राहिले तेव्हा दिसलेच होते, इस्त्रीचा सदरा घातलेले. पण चांगलं वाक्य तोंडाशी आलं की मला थांबता येत नाही. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "छान झालं. लोक टाळ्या वाजवत होते." मी मनात म्हटलं, टाळ्या दिसतात. त्यांना ऐकू आलं नसेल. कानातलं मशीन ते बहुतेक वेळा घालतच नसत, ते शिट्ट्या मारतं म्हणून. नसेलच ऐकू आलं. मी ते धरून ठेवलं.

शाळेच्या वार्षिक अंकात ते भाषण छापायचं ठरलं. त्याची मुद्रितं अर्थातच माझ्याकडेच आली. ते वाक्य मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांची पुस्तकं तपासताना मी लेखकांना समासात लिहून कळवते, हे तपासून पाहावे, असे खरेच होते का? माझ्या वाक्याशेजारी मी काही लिहिलं नाही. एक स्वल्पविराम काढला आणि पान सोडून दिलं.

सभेनंतरच्या सोमवारी बाबा पाच वाजता स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "सोलायचं ते यंत्र कुठे ठेवतेस? मला दे काहीतरी." एकाहत्तर वर्षांचा माणूस, हात कापतायत. मला वाटलं, रिकामपणाला कंटाळलेत. पहिल्या दिवशी बटाटे दिले. मग रोजच द्यायला लागले. त्यांच्या मदतीने माझा वेळ वाढायचाच, पण नाही कसं म्हणायचं. बोटं कापून घ्यायचे, पट्टी लावायचे आणि ती माझ्यापासून लपवायचे. शेवटच्या दिवसाची ती सहा गाजरं त्यातलीच.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांचा खण आवरत होते. शेंग बाजूला होती. कानातल्या मशीनची डबी हाताला लागली तशी ती म्हणाली, "याचे सेल मी घालायचे. आजोबांना ते छोटं दार उघडायला जमायचं नाही."

"हो का?"

"तुझ्या भाषणाच्या दिवशीपण मीच घातले. जुने चालू होते तरी. आजोबा म्हणाले, नवेच घाल, आज आई बोलणार आहे, आज एक शब्द सुटता कामा नये."

मी डबी मिटली. शेंगेने विचारलं, "तुला हवं का ते?" मी नाही म्हणाले. तिने डबी स्वतःच्या दप्तरात ठेवली.

पुढच्या रविवारी दुपारी भेटायला आलेले लोक आमच्या बाहेरच्या खोलीत बसले होते. आत्या होती, लेबलकाका होते, कारखान्यातले आणखी दोघं, समोरच्या घरातल्या बाई. आत्याने मोठं पातेलं भरून जेवण आणलं होतं आणि ती स्वतः सगळ्यांना वाढत होती. लेबलकाका आता अगदी वाळून गेलेत, पण बोलणं तसंच. मला म्हणाले, "ए पोरी, माझे उपकार विसरू नकोस. मी लेबलं सरळ लावली असती तर तू उपाशी राहिली असतीस."

"काका, तुम्ही मुद्दाम वाकडी लावायचात असं बाबा म्हणायचे."

"कानसेन काहीही म्हणायचा. महिन्यातून एखादं लावलं असेल मुद्दाम. पीचच्या दिवशी. तुला पीच आवडायचे ना."

मला हे माहीत नव्हतं. मी काही बोलायच्या आत आत्याने डाव खाली ठेवला.

"हसता काय तुम्ही," ती म्हणाली. "लहान पोर होती. मी किती वेळा म्हटलं, माझ्याकडे दे. दादा हट्टी. त्याला वाटायचं डबा फोडला की झालं जेवण. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण पोरीचे हाल झाले ते झालेच. आणि तरी हिचं मन बघा. त्याच दादाला हिने तीन वर्षं ताजं, गरम, तोंडात घास दिल्यासारखं सांभाळलं."

"आत्या, राहू दे."

"का राहू दे? तूच लिहिलंयस की." तिने पिशवीतून शाळेचा अंक काढला. पान दुमडून ठेवलेलं होतं. चष्मा लावून तिने वाचायला सुरुवात केली. आत्या वाचते चांगलं, सावकाश, शब्दाला शब्द. बिनलेबलाच्या डब्यांपर्यंत आली तेव्हा कारखान्यातल्या दोघांनी जेवण थांबवलं. "अठरा वर्षांची होईपर्यंत मला कुणाच्या हातचं खायला मिळालं नाही," हे तिने वाचलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडे बघितलं. समोरच्या बाईंनी च्च केलं. लेबलकाका ताटाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला विसरल्यासारखं तिथेच राहिलं होतं.

बाबांचा चेहरा सभेत कसा झाला असेल, ते मला त्या क्षणी दिसलं. मी व्यासपीठावर होते, मला टाळ्या दिसत होत्या.

"आत्या, ते खोटं आहे," मी म्हणाले.

"काय खोटं?"

"तू वाचलंस ते. मी लिहिलंय आणि ते खोटं आहे."

"अगं, दुःखात माणसाला असं वाटतं. मी नव्हते का बघत तेव्हा? तुझ्या घरात साधी भाजी चिरलेली मी कधी—"

"कांदा चिरायचे. रोज. बारीक. डब्यातून काढलं की ते गरम करताना त्यात कांदा घालायचे, मिरपूड घालायचे. ताटाच्या कडा पुसून मग माझ्यापुढे ठेवायचे. कारखान्यात सळई धरून धरून बोटं आखडलेली असायची, तरी चिरायचे. त्याला हातचं म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात मला माहीत नाही."

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. त्याने माझ्याकडे बघून, पुरे, अशी मान हलवली. शेंग त्याच्यापुढे उभी होती. मला पुरे करायचं नव्हतं. माझा आवाज चढला नव्हता, पण पातेल्यावरचं झाकण आत्याने मुद्दाम हळूच ठेवलं.

"आणि बाबांनी ते ऐकलं होतं," मी म्हणाले. "सभेत. कानात मशीन घालून, नवे सेल घालून आले होते. घरी आल्यावर छान झालं म्हणाले. त्यानंतर सात महिने ते रोज पाचला उठून माझ्यासाठी भाज्या सोलत होते. सात महिने मी त्यांच्याशी रोज बोलत होते. मीठ नको, गोळ्या घ्या, साल पातळ काढा. ते वाक्य खोटं होतं, हे एवढं एक बोलले नाही."

आत्या म्हणाली, "बस बाई, पाणी पी."

"मी उपाशी नव्हते, आत्या. मला कधीच काही कमी पडलं नाही. आमच्या घरात स्वयंपाक पटकन उरकायचा, कारण बाबांना माझ्याजवळ बसायचं असायचं."